गाण्यांना नॉमिनी कोण?

माणसाने भाड्याने काय घ्यावे आणि विकत काय घ्यावे, याचे आपल्याकडे पूर्वापार काही संकेत आहेत. लग्नाचा मांडव भाड्याने घ्यावा, पंगतीची भांडी भाड्याने आणावीत आणि वरातीचा घोडा तर भाड्यानेच आणावा, कारण वरात संपल्यावर तो बांधायचा कुठे हा प्रश्न उरतो. उलट चष्मा, दातांची कवळी आणि देव्हाऱ्यातले देव कुणी महिन्याच्या भाड्याने आणल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आता सवाल असा, की गाणी यातल्या कुठल्या यादीत बसतात? घोड्याच्या की देवांच्या?

हा सवाल मला आपण होऊन पडलेला नाही. मी बँकेतला साधा कारकून. बी.कॉम. झाल्यापासून 'नावे' आणि 'जमा' यांच्यापलीकडे जगाला तिसरी बाजू असते यावर माझा विश्वास उरलेला नाही. सवाल उकरून काढला तो आमच्या मेहुणेबुवांनी. हे ठाण्याला राहतात, संगणकात काहीतरी करतात आणि जगातली प्रत्येक वस्तू भाड्याने घेतात. घर भाड्याचे, सोफा भाड्याचा, पाणी शुद्ध करायचे यंत्रसुद्धा भाड्याचे. बायको तेवढी कायमची आहे, आणि तीही माझ्या सासूबाईंनी बघून दिली म्हणून.

तर एका शनिवारी हे दिवा-रोहा गाडीने घामाघूम होऊन वरश्याला आले, पंख्याखाली बसले, पाणी प्यायले, आणि त्यांची नजर आमच्या बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटावर गेली. त्या कपाटात दोनशे अकरा कॅसेटी, चौसष्ट सीडी आणि आमच्या नानांच्या वेळच्या एकोणीस तबकड्या आहेत. आकडे बरोबर आहेत. दर ३१ मार्चला मी शिल्लक मोजतो.

"भावोजी, हे अजून भंगारात दिलं नाहीत?" मेहुणेबुवा म्हणाले.

भंगार! माझ्या जागी नाना असते तर त्यांनी मेहुण्यांना तिथल्या तिथे परतीच्या गाडीचे वेळापत्रक सांगितले असते. पण मी जावई. मेहुण्याशी भांडलेला जावई सासरच्या पंगतीत कायम वाटीभर आमटीने मागे राहतो. म्हणून मी आवाज खाली ठेवून विचारले, "का रे बाबा? तुझ्या पोटात का दुखतंय?"

त्यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि वकिली सुरू केली. ती मी प्रामाणिकपणे इथे उतरवून देतो, कारण समोरच्याची बाजू नीट नोंदवल्याशिवाय आपली शिल्लक जुळत नाही.

त्यांचे म्हणणे असे : महिन्याला शंभराच्या आसपास रुपये टाकले की दहा कोटी गाणी खिशात. जागा लागत नाही, धूळ नाही, बुरशी नाही. आठ गाण्यांतले एक आवडले म्हणून उरलेली सात पोसायची नाहीत. कंटाळा आला की बंद. "आणि भावोजी, मला सांगा, तुम्ही शेवटची कॅसेट कधी लावलीत?"

यातले बरेचसे खरे आहे. कोकणातल्या पावसाळ्यात कॅसेट सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याने कुंडलिकेच्या काठावर चार आषाढ काढले आहेत त्यालाच ठाऊक. जूनमध्ये काळीभोर असलेली फीत सप्टेंबरात पांढरी दाढी घेऊन बाहेर येते. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून डेकचे हेड पुसताना अर्धा गणेशोत्सव निघून जातो. आणि आठांतली सात गाणी पोसायची म्हणाल, तर आमच्या संग्रहात अशी पोसलेली गाणी इतकी आहेत की मला अन्नछत्र चालवल्याचे पुण्य मिळायला हरकत नाही. शिवाय ज्या पोराच्या घरात कधी रेडिओसुद्धा नव्हता, तो आज जाहिराती सोसून का होईना, फुकटात अख्ख्या जगाचे संगीत ऐकतो. एके काळी हे सुख संस्थानिकांनाही नव्हते. या गोष्टीला नावे ठेवील तो करंटा.

पण दहा कोटींचे काय घेऊन बसलात? मी तिथल्या तिथे कागदावर हिशेब मांडला. एक गाणे तीन मिनिटांचे धरले तर दहा कोटी गाण्यांना तीस कोटी मिनिटे, म्हणजे ५७० वर्षे लागतात. तीही न झोपता, न जेवता आणि मेहुणे घरी न येता. म्हणजे विजयनगर अजून उभे होते तेव्हा ऐकायला बसलेला माणूस आत्ता कुठे शेवटच्या यादीला आला असता. आणि दरमहाचे ते शंभर रुपये आमच्याकडच्या आवर्ती ठेवीत टाकले, ठेव पुनःपुन्हा नूतनीकरण करीत नेली आणि व्याज सहा टक्के धरले, तर तीस वर्षांनी हातात सुमारे एक लाख रुपये पडतात. भाड्याच्या गाण्यांचे तीस वर्षांनी हातात काय पडते?

"आनंद," मेहुणे म्हणाले.

"त्यावर मुदतपूर्व तोडीची सोय आहे का?" मी विचारले. पण हा विनोद बँकेबाहेर चालत नाही.

इथे मला एक गैरसमज दूर करायचा आहे. मी वर्गणीच्या विरुद्ध नाही. गाण्याची वर्गणी ही काही मेहुण्यांच्या पिढीने लावलेली शोधाची ज्योत नव्हे. नानांच्या ट्रंकेत अजून रेडिओच्या लायसनचे पुस्तक आहे. दरसाल पोस्टात जायचे, पंधरा रुपये भरायचे, पुस्तकावर तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. नाहीतर रेडिओ बेकायदा. ऐंशीच्या दशकात सरकारने ही पद्धत मोडीत काढली. ते पंधरा रुपये नाना कुरकुर न करता भरत. पण एक फरक होता. विविध भारती १९५७ साली सुरू झाली, तिने नानांना कधी सांगितले नाही की "ही घ्या तुमची लायब्ररी." रेडिओ म्हणे, मी वाजवतो, तुम्ही ऐका, संपले की संपले. व्यवहार चोख. मेहुण्यांच्या फोनवर मात्र ठळक अक्षरांत लिहिलेले असते 'माझी लायब्ररी', 'माझी गाणी', 'डाउनलोड केलेले'. माझा विरोध भाड्याला नाही, या 'माझी' शब्दाला आहे. भाडेकरूने दारावर स्वतःच्या नावाची पाटी जरूर लावावी. पण त्या पाटीला सात-बारा समजू नये.

नुसते वाजून गेलेले आणि हातात उरलेले यांत काय अंतर असते, हे पाहायचे तर गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवर पहिले गीत लागले आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गीते झाली. लोक रेडिओला हार घालून बसत म्हणतात. तेव्हा ती गीते गायिली होती वेगवेगळ्या गायकांनी. माणिक वर्मा होत्या, लता मंगेशकर होत्या, वसंतराव देशपांडे होते. पण आज मराठी घरात गीतरामायण म्हटले की कानात कुणाचा आवाज येतो? बाबूजींचा. कारण सुधीर फडक्यांच्या आवाजातले गीतरामायण पुढे तबकड्यांवर आले, कॅसेटींवर आले, कपाटात आले, लेकीबरोबर सासरी गेले. हवेतून आले ते बहुतेकांपुरते हवेत गेले. हातात आले ते नातवंडांपर्यंत पोचले. मेहुणेबुवांची सगळी दहा कोटी गाणी, म्हटले तर, अजून हवेतच आहेत.

"हवेत कसली? सगळं डाउनलोड आहे!" मेहुण्यांनी फोन नाचवला.

हे डाउनलोड प्रकरण मी समजून घेतले आहे. ते गाणे फोनमध्ये उतरते हे खरे, पण कुलूप लावून उतरते, आणि किल्ली कंपनीकडे. आमच्या लॉकरला निदान दोन किल्ल्या असतात, एक बँकेची आणि एक खातेदाराची. इथे खातेदाराने फक्त भाडे भरायचे. वर्गणी संपली, कंपनीचे नि गाण्याच्या मालकाचे बिनसले, किंवा कंपनीनेच गाशा गुंडाळला, की तिजोरी उघडत नाही.

आणि हे काही मी कल्पनेने रंगवीत नाही. स्पॉटिफाय भारतात आले २०१९ च्या फेब्रुवारीत. दोन महिन्यांत सारेगामाशी, म्हणजे आपल्या जुन्या एचएमव्हीशी, वाजले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि सारेगामाची गाणी तिथून उतरली. ती परत आली २०२० च्या मे महिन्यात, करार झाल्यावर. म्हणजे वर्षभर पैसे भरणारा माणूस कोट्यवधी गाण्यांचा धनी होता आणि त्याच्याकडे नेमकी कुत्र्याच्या चित्राची गाणी नव्हती! पुढे मार्च २०२४ मध्ये झी म्युझिकशी करार संपला आणि तिथली गाणी गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये एअरटेलने आपले विंक म्युझिक बंद करीत असल्याचे जाहीर केले. भांडण कंपन्यांचे, मुदत करारांची, आणि मुकी होतात ती आपली गाणी. माझ्या कपाटातल्या कॅसेटी दिल्लीच्या कोर्टात काय चालले आहे याची चौकशी न करता वाजत राहिल्या. वाजल्या म्हणजे खरखरल्या. पण आपल्या इच्छेने खरखरल्या.

आता उलट उदाहरण पाहा. फ्लिपकार्टने २०१२ साली 'फ्लाइट' नावाचे गाण्यांचे दुकान काढले होते. तिथे गाणे विकत मिळे, एमपीथ्री, बिनकुलपाचे. धंदा चालला नाही, २०१३ च्या जूनमध्ये दुकान बंद केले. गिऱ्हाइकांचे काय नुकसान झाले? काही नाही. ज्यांनी गाणी घेऊन ठेवली होती त्यांची ती आजही वाजतात. मुंबईच्या काळाघोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले, तेव्हा माझ्यासारख्यांना गलबलून आले हे खरे. पण तिथे घेतलेल्या तबकड्या कुणी परत मागायला आले नाही. दुकान मेले तरी माल घरात राहतो. भाड्याच्या बाबतीत दुकान मेले की माल सती जातो.

मेहुण्यांनी मग भावनेला हात घातला. "पण भावोजी, माझ्या पैशातून कलाकारांना मिळतात ना! तुमच्या निम्म्या कॅसेटी तर दुकानात भरून घेतलेल्या."

इथे मी थोडा वरमलो. निम्म्या नव्हे, पण तीसेक आहेत तशा. कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी दुकानदाराला द्यायची, चार दिवसांनी भरलेली कॅसेट घ्यायची. मेहुण्यांची पिढी ज्याला प्लेलिस्ट म्हणते ती आम्ही पट्टीने रेघा मारलेल्या कागदावर करीत असू, आणि गायकाला त्यातला छदामही जात नसे. ही उधारी मी मान्य करतो. तबकड्या काढणाऱ्या कंपन्याही काही हरिश्चंद्राचे अवतार नव्हत्या.

पण मेहुण्यांच्या शंभर रुपयांचे काय होते तेही ऐका. या कंपन्यांचा हिशेब बहुतेक ठिकाणी गावजेवणासारखा असतो. सगळ्यांची वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एकाच हंड्यात. त्यातून कंपनी आपला वाटा काढते आणि उरलेला, एकूण किती वेळा कुणाचे गाणे वाजले त्या प्रमाणात, गाण्यांच्या हक्कदारांत वाटते. म्हणजे मी महिनाभर एकट्या माणिक वर्मांना ऐकले, तरी माझे शंभर रुपये त्यांच्या गाण्यांकडे सरळ जात नाहीत. हंड्यात जातात, आणि पळी ज्याच्या ताटाकडे जास्त वेळा वळते त्याच्याकडे मुख्यतः जातात. स्पॉटिफायने तर २०२४ पासून नियमच केला, की बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला पंगतीत पानच नाही. आमच्या तालुक्यातल्या बाल्या नाचाच्या एखाद्या गायकाचे गाणे वर्षात नऊशे नव्याण्णव वेळा वाजले, तर त्याने हात धुऊन उठावे. जत्रेत त्याची कॅसेट पंचवीस रुपयांना घेतली होती तेव्हा निदान नोटा त्याच्याच पेटीत पडताना दिसल्या होत्या.

आता मुख्य मुद्दा. रोह्याच्या माणसाला तो नोटेवरून समजावा हे उत्तम. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, १९४३ साली त्या खुर्चीवर बसले. त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण आम्ही रोहेकर त्यांना सोडायला तयार नाही. तर नोटेवर गव्हर्नर वचन देतो ते कुणाला? 'धारकाला'. नाव नाही, गाव नाही, पासवर्ड नाही. जो धरील त्याची. तबकडी, कॅसेट, सीडी, बिनकुलपाची फाइल, ही सगळी धारकाची गाणी. माझ्याकडून तुझ्याकडे, तुझ्याकडून तुझ्या लेकीकडे. वर्गणीची गाणी म्हणजे दोन रेघांत 'अकाउंट पेयी' लिहिलेला चेक. फक्त एकाच्या नावावर, दुसऱ्याच्या हातात तो कागदाचा कपटा. अशी खाती बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, हे त्यांच्याच अटींत लिहिलेले असते. अटी कुणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्याही कुणी वाचत नाही.

धारकाच्या गाण्यांत तोटा आहे, कबूल. धारक बेभरवशाचा असतो. आमच्याकडून नाट्यगीतांची कॅसेट 'दोन दिवसांत देतो' म्हणून नेलेले गृहस्थ अजून धाटावच्या कारखान्यात कामाला आहेत आणि मला पाहिले की रस्ता ओलांडतात. बँकेत कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक होते. मी कॅसेटींनाही तोच नियम लावला आहे. वहीत बावीस कॅसेटी थकीत आहेत. पण कॅसेट बुडवणाऱ्या माणसाला निदान ती घेऊन जावी असे वाटले होते! मेहुण्यांकडून कुणी एक गाणे उसने नेल्याचे ऐकले आहे का? फोनवरून दुवा पाठवतात. दुवा म्हणजे काय, तर दुकानाचा पत्ता.

हे सगळे मी गमतीत बोलत होतो, कबूल करतो. पण गंमत नसलेली एक गोष्ट गेल्या वर्षी माझ्या खिडकीत घडली.

एक आजी आल्या. यजमान जाऊन महिना झाला होता. मृत्यूचा दाखला, पासबुक, सगळे नीट पिशवीत. मी पासबुक भरून दिले आणि त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. दर महिन्याच्या पाच तारखेला ठरावीक रक्कम वजा होत होती. "हे कशाचे?" मी पाहिले, गाण्यांच्या वर्गणीचे होते. अशी वजावट होण्याआधी खातेदाराला चोवीस तास आगाऊ कळवायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून आहे. त्यामुळे संदेश येत होता. वाचणारा नव्हता.

नियमाप्रमाणे खाते बंद केले, वजावट थांबली. पंधरा दिवसांनी आजी पुन्हा आल्या. म्हणाल्या, "अहो, ते रोज संध्याकाळी दिवेलागणीला गाणी लावायचे. त्यांनी आपली आपली यादी केली होती. नातवानं फोन बदलून दिला, आता पासवर्ड मागतोय. पासवर्ड ते घेऊन गेले. यादीत कुठली गाणी होती तेही मला सगळी आठवत नाहीत. गाणी मिळतील हो कुठंही. पण त्यांनी लावलेली ती यादी..." आणि मग अगदी साधेपणाने विचारले, "एफडीला मी नॉमिनी, पेन्शनला मी, घराला मी. मग या गाण्यांना नॉमिनी कोण?"

एकवीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक अर्ज भरले आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तो नुसता ताबा घेणारा, हे मी दिवसातून दहा वेळा समजावून सांगतो. पण आजींच्या प्रश्नाला माझ्याकडे रकाना नव्हता. त्यांच्या यजमानांनी वर्षानुवर्षे पैसे भरले होते. त्यांच्या घरात त्याचे काय उरले? पासबुकातल्या ओळी. गाण्याच्या बाजूला शून्य. त्यांनी त्यांतली वीसच गाणी विकत घेऊन एका पेन ड्राइव्हवर टाकून आजींच्या हातात दिली असती, तर दिवेलागणीला आज ते घर मुके राहिले नसते.

हे मी मेहुण्यांना सांगितले. ते थोडे गप्प झाले, पण हरल्यासारखे नाही. म्हणाले, "वाईट झालं. पण हे पासवर्डचं झालं, गाण्यांचं नाही."

मग मी उठलो आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक कॅसेट काढली. तिच्यावर नानांच्या अक्षरात 'गणपती २००७' असे लिहिलेले आहे. ही कुठल्याही कंपनीच्या दहा कोटींत नाही. त्या वर्षी पेणहून मूर्ती आणली, दुसऱ्या रात्री भजन झाले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर मी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. डेकला दोन चापट्या मारल्या. आधी पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला. मग पेटी. मग नानांचा आवाज, वरच्या सुरात जाताना किंचित फाटणारा. आतून आईचा आवाज, "अगो, दूध बघ." आणि मधेच टाळ. तो टाळ असा होता, की भजन एका गावाला आणि टाळ दुसऱ्या गावाला. दोन कडवी नानांनी सोसले. मग भजन थांबवून त्यांनी विचारले ते स्पष्ट ऐकू येते : "अरे, तो टाळ कुणाच्या हातात दिलाय?"

त्यावर हशा. आणि हशातून एक कोवळा, घोगरा आवाज : "माझ्या. ताईच्या भावाच्या."

मेहुणेबुवा कॉलेजात होते तेव्हा. पहिल्यांदाच वरश्याला गणपतीला आले होते. नाना दोन वर्षांनी गेले, त्यानंतर आई. पत्र्याच्या जागी स्लॅब आली, त्यामुळे तो पाऊससुद्धा आता वाजत नाही. एवढे सगळे त्या नव्वद मिनिटांच्या फितीवर बसले आहे, थोड्या बुरशीसकट.

मेहुण्यांनी फोन खाली ठेवला. कॅसेटची बाजू संपून बटण खट्कन वर उडेपर्यंत ते काही बोलले नाहीत. माझी ही दारात उभी होती, तिने डोळ्यांना पदर लावला आणि मेहुण्याला म्हणाली, "तुझा टाळ अजून तस्साच आहे हो."

आता माझा निकाल. मी ती वर्गणी बंद करा म्हणत नाही. आमच्याही घरी एक आहे, चिरंजीवांच्या हट्टाने घेतलेली, आणि तिचा उपयोग मीच जास्त करतो. नवे गाणे चाखायला, सकाळी दाढी करताना, पाहुण्यांना खूश करायला भाडे द्यावे. घोडा भाड्यानेच घ्यावा. पण ज्या गाण्यावाचून आपले घर आपले वाटणार नाही, अशी पंचवीस-पन्नास गाणी माणसाने विकत घ्यावीत. फाइल घ्या, सीडी घ्या, चोरबाजारातून जुनी तबकडी आणा, पण हातात धरता येईल आणि दुसऱ्याच्या हातात ठेवता येईल असे काहीतरी घ्या. घरातल्या माणसांचा आवाज असेल तर त्याच्या तीन प्रती काढा आणि तीन घरांत ठेवा. एक प्रत बुरशीला, एक प्रत शेजाऱ्याला आणि एक वारसाला, असा हिशेब धरला म्हणजे जुळते. आमच्या गावाच्या नावाला, वरसेला, एक काना जास्त दिला की 'वारसे' होते. एवढ्याशा कान्यासाठी भांडायला मला लाज वाटत नाही.

रविवारी संध्याकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा मेहुणेबुवा चपला घालून पुन्हा आत आले.

"भावोजी, ती कॅसेट मला द्या ना. ठाण्याला एक जण आहे, तो कॅसेटवरून फाइल करून देतो. दोन दिवसांत परत करतो."

दोन दिवसांत! हे शब्द मी बावीस वेळा ऐकलेले आहेत. पण मी कपाट उघडले, कॅसेट रुमालात गुंडाळून दिली आणि वहीत तेविसावी नोंद केली. तारीख टाकली, सही घेतली.

आज एक्काहत्तरावा दिवस आहे. नव्वद झाले की ठाण्याला वसुलीला जायचे आहे.